सहा कुंड्यांतली हिंसा

स्ट्रॉबेरीच्या पानावर आधी बारीक पिवळट ठिपके दिसतात, कुणी टाचणीनं टोचल्यासारखे. मग पानाची तकाकी जाते, ते तांबूस, मळकट दिसू लागतं. पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण पाणी वाढवतो, ऊन लागलं असेल म्हणून कुंडी सरकवतो, यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं केळ्याच्या सालीचं पाणी घालतो. पान उलटं केल्याशिवाय काही कळत नाही. उलटं करून मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला, झूम केला, की खाली अख्खी वस्ती दिसते. अर्ध्या मिलिमीटरचे जीव, काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी आणि या सगळ्यांवरून ओढलेलं तलम जाळं.

याला लाल कोळी म्हणतात. तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. आणि नावात लाल असला तरी बहुतेक वेळा पिवळट-हिरवाच असतो, पाठीवर दोन गडद ठिपके. कोरडी, गरम हवा त्याला मानवते. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला जेमतेम आठवडा लागतो. म्हणजे सोमवारी तुम्ही 'बघू वीकेंडला' म्हणालात, तर वीकेंडला त्यांची पुढची पिढी तुम्हाला भेटते.

मी मुलुंडला आठव्या मजल्यावर राहते. गॅलरीचं तोंड नॅशनल पार्कच्या डोंगराकडे आहे. नोव्हेंबरात नर्सरीतून स्ट्रॉबेरीची सहा रोपं आणली होती. या लेखात ती कशी वाढवायची हे थोडंफार येईल, पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. त्या सहा कुंड्यांसाठी मी किती जीव मारले आणि ते मारण्याचा मला काय हक्क होता, याबद्दल. हसू आलं तर हसा. मलाही सुरुवातीला आलं होतं.

आधी झाडाची बाजू समजून घ्यायला हवी. आपल्याकडे स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर-पाचगणी, भिलार, वाईचा काही भाग. तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण 1,370 मीटरवर आहे. थंडीत वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याचे फोटो दरवर्षी आपल्या व्हॉट्सॲपवर येतात. पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या सुमारास गादीवाफ्यांवर लागवड होते, खाली प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, ठिबकनं पाणी. दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की झाड फुलावर येतं. दिवस मोठे आणि हवा गरम झाली की ते फळांचा नाद सोडून लांब दोऱ्यांसारखे धुमारे सोडायला लागतं. मुलुंडमध्ये जानेवारीतली रात्र सोळा-सतरा अंशांवर आली तरी आपण स्वेटर घालून सेल्फी काढतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीस. आईनं पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "अगं, डोंगरावरचं झाड कशाला गॅलरीत कोंडतेस?"

कोंडलेल्या झाडाची दुखणी वेगळी असतात. पाणी जास्त झालं की मूळकुज. रोप लावताना मधला कोंब मातीत गाडला गेला तर तो कोंबच सडतो. दिवसा कोरडं आणि पहाटे दमट असलं की पानांवर भुरी, पीठ भुरभुरल्यासारखी. फळ ओल्या मातीला टेकलं की त्यावर करड्या रंगाची मऊ बुरशी धरते आणि दोन दिवसांत ती शेजारच्या फळावर जाते. आठव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच फिरकते, त्यामुळे फळं वेडीवाकडी येतात. याचं कारण मजेदार आहे. स्ट्रॉबेरीवरचे ते दाणे आपण बिया समजतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो प्रत्येक दाणा हेच एकेक फळ आहे. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बुडखा. ज्या दाण्याचं परागीभवन झालं त्याच्या आसपासचाच गर फुगतो. म्हणून मी भाचीच्या वॉटरकलरच्या ब्रशनं रोज सकाळी फुलं कुरवाळत असे. मीटिंग चालू, कॅमेरा बंद, हातात ब्रश.

इथवर प्रश्न सोपा आहे. बुरशी काढून टाकताना कुणाच्या मनात कालवाकालव होत नाही. माझ्याही झाली नाही. पण मग मावा आला, फुलकिडे आले, शेवटी कोळी आला. एके सकाळी तारेवर बसलेल्या बुलबुलानं अर्धवट पिकलेलं फळ टोचून ठेवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या दयेची एक उतरंड आहे. बुलबुलाला मी नुसतं हुसकावलं, वर त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. खार आली असती तर तिला बहुधा शेंगदाणे दिले असते. मावा मात्र अंगठ्यानं चिरडला. ज्याला डोळे दिसतात, जो गातो, जो गोंडस आहे त्याला माफी. जो लहान आहे, पुष्कळ आहे, ज्याला चेहरा नाही, त्याला 'कीड' हे नाव. बुलबुलानं एका चोचीत एक फळ संपवलं, माव्यानं महिन्याभरात तेवढंही नुकसान केलं नसेल. शिक्षा गुन्ह्यावरून ठरलीच नव्हती.

'कीड' हा शब्द तसा कुठल्याच प्राण्याचं नाव नाही. ते आपलं आणि त्याचं नातं आहे. मुंग्यांना विचाराल तर मावा म्हणजे गोठ्यातली गाय. त्या त्याची राखण करतात, त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात, त्याच्यावर कुणी चालून आलं तर अंगावर धावून जातात. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं जन्माला घालते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. एवढा उत्साह एखाद्या स्टार्टअपनं दाखवला असता तर आपण त्यावर पॉडकास्ट केला असता.

आमच्याच मजल्यावर एक जैन बेन राहतात. साठीच्या आहेत, चौमासात संध्याकाळनंतर जेवत नाहीत, पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत, आणि माझ्या बागेत त्यांना मनापासून रस आहे. मी नीमतेलाची बाटली हलवत होते तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.

"हे मारण्यासाठी?"

"हो बेन. कोळी पडलाय."

"पण स्ट्रॉबेरी नाय मिळाली तर तुझं काय अडते?"

चेष्टा नव्हती, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, काही नाही अडत. त्या मान डोलावून गेल्या. तो प्रश्न मात्र मला पुढचे पंधरा दिवस पुरला.

जैन विचारात गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगतात. रांधताना, झाडलोट करताना, घर चालवताना होणारी ती आरंभी. शेती, व्यापार अशा पोटापाण्याच्या कामात होणारी ती उद्योगी. स्वतःवर किंवा दुसऱ्या कुणावर आलेलं संकट परतवताना होणारी ती विरोधी. आणि मारायचं ठरवून मारणं, ती संकल्पी. साधूला चारही वर्ज्य. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत हे मान्य केलेलं आहे, शेवटची मात्र त्यानं सोडलीच पाहिजे. मला ही मांडणी आवडते, कारण ती माणसाला देव व्हायला सांगत नाही. 'सगळं सोड' आणि 'सगळं चालतं' या दोन टोकांच्या मधे तुम्ही नेमके कुठे उभे आहात, ते ती विचारते.

भिलारचा शेतकरी फवारणी करतो ती उद्योगी. त्याचं कर्ज, मुलीची फी, मजुरांचा रोज त्या झाडावर उभा आहे. त्याला कुणी 'स्ट्रॉबेरी नाही आली तर काय अडतं' विचारलं, तर तो उत्तराची यादीच देईल. माझं काय? तीन महिन्यांत सहा कुंड्यांना मिळून चाळीसेक फळं आली. तेवढी स्टेशनबाहेरच्या गाडीवर दोन-तीन प्लास्टिकच्या बॉक्समध्ये मावतात. फळामागे किती जीव गेले असा हिशेब मांडला, तर मी त्या शेतकऱ्याच्या पुष्कळ पुढे निघेन. घरी पिकवलं म्हणजे आपोआप अधिक निर्मळ, ही इन्स्टाग्रामवरची समजूत मला तेव्हापासून पटेनाशी झाली. निर्मळपणा विषाच्या बाबतीत असेल, मान्य. चार वर्षांची भाची कुंडीतून फळ तोडून न धुता तोंडात टाकते, तिथे मी कुठलंही रासायनिक औषध मारणार नव्हतेच. पण ती काळजी भाचीची होती. कोळ्याच्या बाजूनं पाहिलं तर नीमतेल काय, पाण्याचा जोरदार फवारा काय आणि माझा अंगठा काय!

मग सोडून द्यावं का? विकत घ्यावं? यावर माझं मन तयार होत नाही. विकत घेतलेल्या बॉक्समागेही मारणं आहेच, फक्त ते घाटावर दुसऱ्याच्या हातून झालेलं असतं आणि आपल्यापर्यंत नुसता लाल रंग पोचतो. 'गरजेचं नाही ते सोडा' हा नियम शेवटपर्यंत नेला तर कुंडीतला मोगराही जाईल. आणि झाड बदलूनही सुटका नाही. गॅलरीत मिरची लावा, तिला फुलकिडे आणि बोकड्या. वांगं लावा, त्याला अळी. जास्वंदीला पिठ्या ढेकूण. एकेंद्रिय झाड वाढवायचं तर त्याला खाणाऱ्या मुंगी-माशीच्या दर्जाच्या जिवांशी सामना ठरलेलाच. खरं तर बेनच्या हिशेबात झाडापेक्षा तो खाणारा जीव वरच्या पायरीवर आहे, आणि मी बाजू घेत होते खालच्याची.

'हे झाड इथलं नाहीच' असंही म्हणून पाहिलं. पण स्ट्रॉबेरी कुठलीच नाही. 1714 साली फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेतून परतला. गेला होता स्पेनच्या किल्ल्यांची टेहळणी करायला, येताना चिलीमधल्या मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला. जहाजावर पिण्याचं पाणी तोलून-मापून मिळत असताना पाच रोपं जगली. गंमत म्हणजे ती सगळी मादी निघाली, त्यामुळे फुलं येत, फळ धरेना. पुढे फ्रान्समध्येच उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीचे पराग त्यांना मिळाले आणि आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी तयार झाली. दोन अमेरिकांचं मूल, फ्रान्समध्ये जन्मलेलं, इंग्रजांच्या मागोमाग महाबळेश्वरला आलेलं. त्याला 'तू इथलं नाहीस' म्हणणारी मी कोण? मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सगळे समुद्रापलीकडून आलेले. मुलुंडमध्ये तरी मूळचं कोण आहे? आईचा आक्षेप हवेबद्दलचा होता, जन्मस्थानाबद्दलचा नव्हता, आणि तो मात्र खरा होता.

'गरज' कोण ठरवतं, हा प्रश्न गॅलरीपुरता नाही. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी लावण्याआधी जमिनीत मिथाइल ब्रोमाइड नावाचा वायू सोडत. जमिनीतले सूत्रकृमी, बुरश्या, तणांच्या बिया, सगळं साफ. हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो हे कळल्यावर 1992 मध्ये तो मॉन्ट्रियल कराराच्या यादीत घातला गेला. श्रीमंत देशांनी 2005 पर्यंत त्याचा शेतातला वापर थांबवायचा ठरलं. पण करारात एक खिडकी होती. ज्यांना दुसरा पर्यायच नाही अशांना 'अत्यावश्यक वापर' म्हणून दरवर्षी सूट मागता येई. त्या खिडकीतून कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीसाठी 2016 पर्यंत हा वायू वापरला गेला. अत्यावश्यक काय होतं? स्ट्रॉबेरी. शेतकऱ्यांची अडचण खोटी होती असं मी म्हणत नाही. पण बेनचा प्रश्न तिथल्या बैठकीत कुणी त्याच शांतपणे विचारला असता तर किती जणांना उत्तर देता आलं असतं?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला, डोंगराकडून कोरडा गरम वारा सुरू झाला आणि कोळी सहाही कुंड्यांवर चढला. तोवर माझं मन एका निर्णयाकडे झुकलं होतं. फळं खाऊन झाली, आता झाड त्यांचं. खाऊ देत. मला त्यात एक प्रकारचं मोठेपणही वाटत होतं. पण पानांच्या टोकांशी कोळ्यांचे पुंजके जमू लागले होते आणि तिथून धागे लोंबत होते. गर्दी झाली, पान सुकलं की हा जीव धाग्याला लटकून वाऱ्यावर स्वार होतो आणि जाईल तिथे उतरतो. माझ्या बरोबर खाली, सातव्या मजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांच्या ग्रिलमध्ये एकच गुलाब आहे. आजींनी लावलेला. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. आजोबा एरवी बागकामातले नाहीत, फक्त त्या एका कुंडीला चष्मा लावून पाणी घालतात. गुलाबावर लाल कोळी अगदी आवडीनं बसतो.

इथे माझी दया मला परवडेनाशी झाली, कारण तिचं बिल खालच्या मजल्यावर जाणार होतं. 1926 साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं आवारातली मोकाट कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्याची बाजू घेतली. अहिंसेचा पुरस्कर्ता असं बोलतो म्हणून संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांनी 'यंग इंडिया'त लेखमालाच लिहून उत्तर दिलं. त्यांच्या सगळ्या म्हणण्याशी मी सहमत नाही, कुत्र्यांबद्दल तर नाहीच. पण त्यातला एक मुद्दा मला टाळता येत नाही. पाळायची जबाबदारी न घेता रस्त्यावर तुकडा टाकून जाणं ही दया नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. पोळी मी टाकायची आणि चावा दुसऱ्यानं सोसायचा. आपल्या मुंबईत कबुतरांपासून कुत्र्यांपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर हे भांडण रोज चालतं. मी त्यात कधी उतरत नसे. आता सहा कुंड्यांनी मला उतरवलं.

झाडं मी उपटली. सगळी, एकाच सकाळी, वारा सुटायच्या आत. आधी पानांवर पाणी मारून धागे चिकटवले, मग प्रत्येक झाड पिशवीत उपडं करून गाठ मारली आणि पिशव्या दिवसभर गच्चीवर कडक उन्हात ठेवल्या. आत काय झालं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. चार प्रकारांच्या भाषेत बोलायचं तर ती विरोधी हिंसा होती, दुसऱ्याच्या वतीनं केलेली. त्याआधी पंधरा दिवस अंगठ्यानं जी चालली होती तिला मात्र मी अजून नाव देऊ शकलेले नाही. छंदासाठी होणारी हिंसा आरंभीत बसवायची की संकल्पीत? बेनना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू मनमां काय ठेवून केलं, ते तुलाच माहीत." मग त्यांनी खाली जाऊन आजोबांच्या गुलाबाची पानं माझ्याबरोबर एकेक उलटी करून पाहिली. चष्मा लावून. ती साफ होती. आजोबांना आम्ही काय शोधतोय ते शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. त्यांनी चहा केला, बेनना फक्त पाणी चाललं असतं, तेही त्यांच्या घरून आणलेलं.

काही गोष्टी मी आता करणार नाही. पिवळे चिकट सापळे टांगणार नाही. घरात उंदीर गोंदाच्या पुठ्ठ्यावर अडकून रात्रभर चिरकतो तेव्हा आपल्याला झोप लागत नाही, आणि हे सापळे त्याच जातीचे आहेत. फक्त आवाज येत नाही. शिवाय चुकून फिरकलेली मधमाशीही त्यात अडकते. ढालकिडा दिसला तर त्याला राहू देईन, त्याच्या अळीलाही. ती काळी-नारिंगी काटेरी अळी बघून लोक तिलाच कीड समजून मारतात, आणि ती बिचारी तर मावाच खात असते. मावा तिनं खाल्ला तर ते तिचं जेवण. पण मी तिला डबीतून विकत आणून सोडलं, तर मला ते सुपारी देण्यासारखं वाटतं. काम तेच, हात दुसऱ्याचे.

नोव्हेंबर येईल तेव्हा पुन्हा रोपं आणणार का, असं भाचीनं विचारलंय. दोन कुंड्या, फेब्रुवारी लागताच बंद, एवढं मी तिच्याशी ठरवलंय. लाल कोळ्यालाच खाणारा दुसरा एक कोळी असतो, मूळ चिलीकडचा, परदेशात स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत तो बाटलीतून आणून सोडतात. भाचीला हे सांगितल्यावर तिला तोच हवा होता. तो लाल कोळ्याशिवाय जवळपास काहीच खात नाही. सगळे संपवले की उपाशी मरतो. हे ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्याच्यासाठी थोडे ठेवायचे."